अंबुजाबाईंचा वाचन-पडताळा

तंजावूरच्या मेलवीदी नावाच्या रस्त्यावरच्या मराठी घरांत अंबुजाबाईंचं नाव दोन गोष्टींसाठी होतं. एक त्यांची दह्यात कालवलेली डांगर-पचडी आणि दुसरे त्यांचे कान. पोरगं पुस्तक घेऊन वाचायला उभं राहिलं की बाई डोळे मिटून घेत आणि कुठला शब्द त्यानं वाचला, कुठला पुढे ढकलला, कुठला शेजारच्यानं हळूच पुरवला, हे बसल्या जागी सांगत. हे सगळं त्या स्वतःच लोकांना सांगत असत, त्यामुळे ते खरंच असणार असं लोक धरून चालत.

बाई जवळच्याच एका प्राथमिक शाळेत तिसरीला शिकवायच्या. शाळा तमिळ, घर मराठी. घरातली मराठी तीनशे वर्षांमागे इथं उतरली ती तमिळच्या शेजारी राहून राहून तिच्याच चालीत बोलायला लागलेली, आणि तिची लिपी म्हणाल तर घरात कुणालाच येत नव्हती. वाचायचं तमिळमध्ये, भांडायचं मराठीत आणि कचेरीतून आलेल्या कागदाला घाबरायचं इंग्रजीत, अशी सरळ वाटणी होती. नवरा कृष्णाजी सरकारी कचेरीत कारकून, सासू वेंकूबाई घरातलं सरन्यायाधीशपद सांभाळणाऱ्या, आणि आठ वर्षांची लेक अखिला आईच्याच वर्गात तिसरीत. एवढं कुटुंब.

नव्वदीच्या मध्यावरची गोष्ट. शिक्षणाच्या कुठल्यातरी नव्या योजनेचं प्रशिक्षण निघालं आणि शाळेतून अंबुजाबाईंना पाठवण्यात आलं, कारण मुख्याध्यापक त्यागराज सरांना उन्हात बाहेर पडणं सोसत नसे. तिथं एका तरुण मॅडमनं त्यांना वाचन-पडताळा शिकवला. पद्धत अशी: सोप्यापासून अवघडापर्यंत उताऱ्यांची उतरंड करायची. मुलाला एकेक उतारा मोठ्यानं वाचायला लावायचं, मध्ये बोलायचं नाही, चुकेल तिथं गुपचूप खूण करायची, आणि वाचून झालं की उताऱ्यावर चार प्रश्न विचारायचे. त्यावरून मुलाची पातळी ठरते. पातळ्या तीन. मूल आपणहून वाचतं, मदतीनं वाचतं, किंवा मेटाकुटीला येतं. मेटाकुटीची लक्षणंही मॅडमनं लिहून दिली होती: डोकं खाजवणं, छताकडे बघणं, अचानक पाणी मागणं.

काही माणसं तीर्थाला जाऊन बदलतात, बाई त्या प्रशिक्षणाला जाऊन बदलल्या. घरी आल्या त्याच दिवशी त्यांनी नवऱ्याला नव्या मिक्सरचं सूचनापत्रक वाचायला लावलं. कृष्णाजींनी पहिल्या ओळीला डोकं खाजवलं, दुसऱ्या ओळीला छताकडे पाहिलं आणि तिसऱ्या ओळीला पाणी मागितलं. "मेटाकुटी," बाईंनी शांतपणे नोंद केली. कृष्णाजी बिचारे नोकरीत इतकी वर्षं फायली पुढे सरकवत आले होते; त्या वाचायच्या असतात हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. वेंकूबाईंना कॅलेंडरचं पान दिलं तर त्यांनी राहुकाळापासून अमावास्येपर्यंत घडाघडा वाचून चारही प्रश्नांची उत्तरं दिली आणि वर, "आज पाल्याची भाजी का केली नाहीस?" असा पाचवा प्रश्न सुनेलाच विचारला. शाळेत त्यागराज सर एक परिपत्रक वाचून दाखवत होते, तेव्हा बाईंनी सवयीनं चार प्रश्न विचारले. सरांना एकाचंही उत्तर आलं नाही. त्या दिवसापासून सर बाई समोर असल्या की मोठ्यानं काही वाचत नसत.

हसण्यासारखं हे एवढंच. पुढचं खरोखरीचं होतं. दसऱ्याच्या सुट्टीनंतर शाळेत नवा नियम लागू व्हायचा होता. जी मुलं मेटाकुटीला येतील, त्यांना रोज सकाळी पहिलीच्या वर्गात बसवून अक्षरांपासून पुन्हा शिकवायचं. कुणाला बसवायचं ते अंबुजाबाईंनी ठरवायचं. तिसरीतल्या पोरानं पहिलीतल्या शेंबड्यांच्या ओळीत बसायचं म्हणजे गल्लीत किती शोभा होणार, हे कुणालाही कळेल. आया येऊन रडून गेल्या, एकीनं तर केळ्यांचा घड आणला. बाईंनी घडही परत केला आणि आईलाही. त्यांच्या न्यायात वशिला नव्हता, आणि ही गोष्ट मात्र त्या सांगत नसल्या तरी खरी होती.

आणि सगळ्यांच्या वर अखिला. ती सगळे उतारे वाचायची, शेवटच्या सर्वांत अवघड उताऱ्यासकट. चूक नाही, अडखळणं नाही, प्रश्न विचारायचा अवकाश की उत्तर हजर. सुट्टीनंतर योजनेचे अधिकारी वर्ग बघायला येणार होते, त्यांच्यापुढे अखिलाला उभं करायचं ठरलं होतं. ते खूश झाले तर बाईंना जिल्ह्यातल्या शिक्षकांना हा पडताळा शिकवायला नेमतील, असंही कानावर आलं होतं. बाईंना ती नेमणूक हवी होती. मनापासून हवी होती. आयुष्यभर त्यांनी तिसरी सोडून काही पाहिलं नव्हतं.

उतारे बाई स्वतः रचायच्या. संध्याकाळी स्वयंपाकघरात बसून लिहायच्या आणि जमलंय की नाही हे बघायला वेंकूबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायच्या. सासूबाई फुलं ओवता ओवता दुरुस्त्या सुचवत. म्हशीच्या गोष्टीत बाईंनी म्हैस कावेरीच्या पुरात वाहून घालवली होती. "म्हैस मरूं नको देऊ. सणासुदीचे दिवस," असं म्हणून वेंकूबाईंनी ती तिरुवैयारुच्या घाटावर सुखरूप बाहेर काढायला लावली. हे चालू असताना अखिला बाजूला कवड्या खेळत असे. वर्गात बाई सगळ्यांचं वाचन आधी घेत आणि स्वतःच्या मुलीचं सगळ्यात शेवटी. आपल्या पोरीला आधी उभी केली तर लोक म्हणतील बाईंनी तिला पुढे काढली. लोकांना बोलायला जागा ठेवायची नाही, हा त्यांचा बाणा.

अशात सरस्वतीपूजा आली.

नवमीच्या दिवशी घरातली सगळी पुस्तकं देवीपुढे रचतात. त्या दिवशी वाचायचं नाही आणि लिहायचं नाही. दुसऱ्या दिवशी, विजयादशमीला सकाळी पुन्हा पूजा करून पुस्तकं उचलायची आणि प्रत्येकानं थोडं तरी वाचायचं. पुष्कळ घरांत हा नेम म्हणजे मुलांना अभ्यासाची सुट्टी, एवढंच असतं. वेंकूबाईंच्या घरात तसं काही चालायचं नाही. "आज एक अक्षर जरी डोळ्यांत गेलं, तर वर्षाची विद्या सरस्वती उचलून नेते," असं त्या सांगत, आणि सांगताना नेमकं कृष्णाजींकडे बघत.

पूर्वी हा नेम पाळणं सोपं होतं. मीठ गोणीतून यायचं, तेल घाण्यावरून आपल्या भांड्यात यायचं, आणि साबण एकच असायचा, त्यावर काही कोरलेलं असलंच तर दोन अंघोळींत पुसून जायचं. आता देशानं म्हणे दारं उघडली होती, आणि त्या दारांतून सगळ्यांत आधी अक्षरं आत शिरली. शांपूच्या पुड्यांची माळ, बिस्किटांचे पुडे, कुरकुरीत काहीबाही भरलेल्या फुगीर पिशव्या, जिकडे बघावं तिकडे लिहिलेलं. नवरात्रातल्या कोलूच्या पायऱ्यांवर बाहुल्या मांडल्या होत्या, त्यांच्यापुढे पुस्तकं, बाईंचे उतारे, कृष्णाजींचं पेन हे सगळं रचून झालं, तरी वेंकूबाईंचं समाधान होईना. त्यांनी सगळे डबे-पुडे भिंतीकडे तोंड करून उभे केले. टीव्हीवर कृष्णाजींची जुनी, धोतरासारखी नेसायची वेष्टी टाकली. भिंतीवरच्या घड्याळापाशी थोडी चर्चा झाली. आकडे हे अक्षरांत मोडत नाहीत असा निवाडा मिळाला, पण आकड्यांच्या मधोमध कंपनीचं नाव होतं त्यावर चंदनाचा गोळा थापला गेला. त्यात काटे अडकले आणि घरात दिवसभर पावणेआठच वाजलेले राहिले. कृष्णाजींनी कागद गुंडाळलेल्या ट्यूबेतून दाढीचं क्रीम काढून दात घासले आणि आईला वाईट वाटेल म्हणून तोंडातून चकार शब्द काढला नाही. फेस मात्र बराच वेळ येत होता.

दुपारी जेवायला तिरुवैयारुला जायचं होतं, कृष्णाजींची धाकटी बहीण गायत्री हिच्याकडे. चौघं जुन्या बसस्टँडकडे चालत निघाली. रस्त्यात गल्लीतली पोरं तळव्यांनी डोळे झाकून चालत होती, बोटांच्या फटीतून बघत होती आणि "पाहिलं! पाहिलं!" म्हणून एकमेकांवर ओरडत होती. कृष्णाजी स्वतःच्या पायांकडे बघत चालले होते, ते एका गाईवर जाऊन आदळले. अंबुजाबाईंचे हाल सगळ्यांत जास्त. वाचता येणाऱ्या माणसाची नजर पाटीवर गेली की पाटी वाचून होतेच, तिथं आपली मर्जी चालत नाही. सोनाराचं दुकान डोळ्यांत शिरलं, भाड्याच्या खोलीची जाहिरात शिरली, मूळव्याधीवरचा इलाज शिरला. तोंडानं स्तोत्र म्हणत म्हणत बाई मान इकडून तिकडे फिरवत होत्या.

एकटी अखिला मान वर करून, डोळे टक्क उघडे ठेवून, दोन्हीकडचं जग बघत चालली होती.

"पाहूं नको गे," बाई दबक्या आवाजात म्हणाल्या.

"मी वाचत नाही अम्मा, नुसती पाहतें."

बाईंना वाटलं, पोरगी बनेल झाली. रागावल्यासारखं केलं खरं, पण मनातून त्यांना तिच्या धिटाईचं कौतुकच वाटलं.

बसस्टँडवर निराळाच तमाशा. आयुधपूजेमुळे सगळ्या बसना केळीचे खुंट बांधलेले, काचांना गंध फासलेलं, हार घातलेले, आणि गर्दी तर मरणाची. कृष्णाजींनी एका गृहस्थाला तिरुवैयारुची बस विचारली. तो म्हणाला, "मीच तुम्हांला विचारणार होतो." त्याच्याही घरी वेंकूबाई असाव्यात. चौकशीच्या खिडकीतला माणूस पूजेला गेला होता. एक कंडक्टर ओरडत होता, पण शेजारच्या देवळातल्या भोंग्यापुढे त्याचं नुसतं तोंड हलताना दिसत होतं. मान खाली घालून उभ्या असलेल्या त्या कुटुंबाच्या पुढून दोन बस निघून गेल्या. त्या तिरुवैयारुच्या होत्या की नव्हत्या, ते देवाला ठाऊक.

शेवटी वेंकूबाईंनी निवाडा दिला. "ही पोर सकाळपासून पाहातच आहे. तिचं पाप होऊन गेलं. आता होऊन गेलेलं पाप कामाला तरी लावा. अखिला, तिरुवैयारुची बस कोणती ती दाखीव."

अखिलानं एकदा सगळ्या बसवरून नजर फिरवली. मग जराही न अडखळता तिनं बोट केलं. "ती."

तिसरीतली सगळ्यांत हुशार मुलगी सांगते म्हटल्यावर पुन्हा विचारायचं काय? सगळे धावले. वेंकूबाईंनी एका कॉलेजच्या मुलाला नुसत्या नजरेनं उठवून खिडकीची जागा मिळवली. बस सुटली. गर्दीतून वाट काढत कंडक्टर पुढे पोहोचेपर्यंत गाव केव्हाच मागे पडलं होतं आणि दोन्हीकडे भाताची खाचरं लागली होती.

"तिरुवैयारु. तीन पूर्ण, एक अर्धं," कृष्णाजी म्हणाले.

कंडक्टरनं त्यांच्याकडे नीट पाहिलं. "ही पापनाशमची बस. एवढी मोठी पाटी लावली आहे पुढे. वाचता येत नाही का?"

"आज सरस्वतीपूजा," कृष्णाजी अगदी मनापासून म्हणाले.

कंडक्टरच्या कपाळावर ताजी विभूती होती. तो खजील झाला. "बरोबर आहे," म्हणाला, "मी तरी कुठे वाचली? ड्रायव्हर नेईल तिकडे चाललोय." पुढच्या थांब्यावर उतरून उलटी बस पकडा, असंही त्यानं सांगितलं. पण वेंकूबाई उठायला तयार होईनात. एकदा मिळालेली खिडकी सोडायची पद्धत त्यांच्या माहेरी नव्हती. तेव्हा चौघांची तिकिटं पापनाशमपर्यंतची काढण्यात आली.

कृष्णाजी हसत होते. "वाचण्यात चूक झाली पोरीची. होतं एखाद्या वेळी."

अंबुजाबाई हसल्या नाहीत. चुका ऐकण्यात त्यांचं आयुष्य गेलं होतं. पोरं कशाच्या जागी काय वाचतात याचा त्यांना पक्का अंदाज होता. शेपूट चुकतं, मधलं अक्षर गळतं, सुरुवात बघून पोरगं पुढचं मनानं लावतं. पण तिरुवैयारु आणि पापनाशम यांत एकही अक्षर सारखं नाही. हे चुकीचं वाचणं नव्हतं.

पापनाशमला उतरल्यावर कृष्णाजी परतीच्या बसचं बघायला गेले, म्हणजे कुणाला तरी विचारायला गेले. वेंकूबाईंनी सुंडलची पुडी घेतली, पुडीच्या कागदावर छापलेलं होतं म्हणून चणे ओच्यात ओतून घेतले आणि कागद डोळे मिटून टाकून दिला. बाई अखिलाला घेऊन बाकावर बसल्या. आवाज त्यांनी वर्गात ठेवतात तसा ठेवला.

"तू ती बस कशी ओळखलीस?"

"तिचा हार सगळ्यांत मोठा होता. आणि माणसं पण चांगली होतीं."

"पाटीवर काय होतं?"

"मला ठाव नाही. मी नुसती पाहिली."

"अगे, पाहिलीस म्हणजे वाचलीसच ना? पाहिल्यावर न वाचता कसं राहाय येईल?"

अखिलानं आईकडे पाहिलं. लबाडी नाही, भीती नाही. तिला खरोखरच नवल वाटलं होतं.

"नुसतं पाहिल्यावर वाचाय येतं, अम्मा? ऐकावं लागत नाही?"

बाईंना आधी राग आला, पोरीचा, मग सासूचा, मग त्या तरुण मॅडमचा. राग संपला तेव्हा खाली भीती होती. सगळ्यांत शेवटी. त्या स्वतःच तिला सगळ्यांत शेवटी उभी करत होत्या. प्रत्येक उतारा आधी घरात ऐकलेला, मग वर्गातल्या एकूण एक पोराच्या तोंडून ऐकलेला, आणि मग हिची पाळी. चार प्रश्नांची उत्तरंसुद्धा तोवर चावून चोथा झालेली. पोरगी उतारे वाचत नव्हती, म्हणत होती. आणि डोळे मिटून ऐकणाऱ्या आईला त्यातलं काही दिसलं नव्हतं, कारण आईचे डोळे मिटलेले होते.

कदाचित आपली चूक होत असेल, असंही त्यांनी स्वतःला सांगून पाहिलं. एक न ऐकलेली ओळ पुढे ठेवली असती तर क्षणात निकाल लागला असता. पण तिरुवैयारुचं जेवण राहूनच गेलं, आणि घरी पोहोचल्यावरही पुस्तकं देवीपुढेच होती आणि वेंकूबाई त्यांच्या शेजारी पाटावर बसून पहारा करत होत्या. सगळ्या तंजावुरात त्या संध्याकाळी एका मुलीला एक ओळ वाचायला देता येत नव्हती. बाईंनी देवीला हात जोडले आणि आयुष्यात पहिल्यांदाच मागितलं, की माझं चुकलेलं असू दे.

विजयादशमीला सकाळीच गायत्री तिरुवैयारुहून आली. कालचं पायसम ती डब्यात घालून घेऊन आली होती आणि सोबत दिवसभराचा राग. त्यागराज सर शेजारच्याच गल्लीत राहायचे, तेही विड्याला आले. पूजा झाली, आरती झाली, पुस्तकं उचलली गेली. प्रथेप्रमाणे प्रत्येकानं काहीतरी वाचायचं होतं. वेंकूबाईंनी कॅलेंडर वाचलं. कृष्णाजींनी, कारण त्यांना कालपासून शंका होती, दाढीच्या क्रीमची ट्यूब वाचली आणि नुसती मान हलवली. त्यागराज सरांनी बाईंकडे चोरून बघत मनातल्या मनात वाचलं.

"आता आमची अखिला," वेंकूबाई म्हणाल्या. "म्हशीची गोष्ट वाच. सरांना ऐकूं दे."

अखिला सतरंजीवर मांडी घालून बसली. उताऱ्यांचं पुस्तक आईनंच टाचलेलं होतं. तिनं बरोबर पान काढलं, कारण त्या पानावर हळदीचा डाग होता. आणि वाचायला लागली. गोड आवाज, जिथं थांबायचं तिथं थांबणं, म्हैस पुरात सापडते तिथं आवाज खाली आणणं. बोटही ओळीवरून सरकत होतं. सर पुढे सरकून ऐकू लागले.

अंबुजाबाईंनी आज डोळे उघडे ठेवले होते. त्यांना दिसलं की बोट दुसऱ्या ओळीवर आहे आणि आवाज चौथ्या. त्यांनी हात पुढे केला आणि तळवा पानावर ठेवला. सगळं पान झाकलं गेलं.

अखिला थांबली नाही. म्हैस पुरातून पोहत आली, तिनं तिरुवैयारुचा घाट गाठला, धन्यानं तिच्या गळ्यात माळ घातली, सगळं आईच्या हातावर बोट फिरवत फिरवत, शेवटच्या शब्दापर्यंत.

वेंकूबाईंच्या डोळ्यांना धारा लागल्या. "हातापलीकडचं वाचते गे माझी बाय! सरस्वती आईच जिभेवर येऊन बसली!" गायत्री राग विसरून मीठमोहऱ्या आणायला उठली, पोरीची दृष्ट काढायला. कृष्णाजींनी कौतुकानं आपलाही हात पुस्तकावर ठेवून बघितला. आणि त्यागराज सर, सद्गदित होऊन, म्हणाले, "बाई, अधिकाऱ्यांपुढे हे असंच करायचं. हात ठेवूनच. ही पद्धत तुम्ही जिल्हाभर शिकवा."

आता हे सगळं जसंच्या तसं चालू राहू शकत होतं. घरात कुणालाही काही कळलेलं नव्हतं आणि कळणारही नव्हतं. बाईंनी नुसतं गप्प बसायचं होतं. नेमणूक समोर होती. त्या गप्प बसल्याही, सगळ्यांना दिसण्याइतका वेळ बसल्या. हाताखालचं पान गरम झालं होतं.

"सर," त्या म्हणाल्या, "शाळा उघडली की अखिला सकाळची पहिलीत बसेल."

सरांना वाटलं, शिकवायला. मग बाईंनी फोड करून सांगितलं तसा एकच गलका झाला. गायत्री मीठमोहऱ्या मुठीत घेऊन तशीच उभी राहिली. वेंकूबाईंचा तर आवाज चढला. "मास्तरणीची पोर पहिलीत? ज्यांच्या पोरांना तू खाली बसवायचं ठरवलंस, त्या बायका विहिरीवर दात काढतील! मला तोंड दाखवाय जागा उरणार नाही! आणि येत नाही म्हणतेस, तर आता वाचलं ते काय होतं?"

"ते वाचणं नोहे, आत्याबाई. ते माझं ऐकलेलं होतं." बाईंनी पानावरचा हात काढला. "काढूं दे दात. मला लाज वाटते, नाही कशी वाटेल? पण पोरीची नोहे. माझी वाटते. सगळ्या गावाची पोरं तपासली, आणि मांडीवरची तेवढी राहिली."

त्यागराज सरांनी वर छताकडे पाहिलं, डोकं खाजवलं आणि कुणीतरी पाणी द्या म्हणाले.

इतका वेळ अखिला पुस्तक मांडीवर घेऊन एकेकाच्या तोंडाकडे बघत होती. आता ही रडणार असं सगळ्यांना वाटलं, आणि कृष्णाजी तिला उचलायला वाकलेसुद्धा.

"अम्मा," ती म्हणाली, "पहिलीत मला कोणी वाचाय शिकवील?"

"मी शिकवीन. अक्षरापासून."

"म्हणजे आता सगळं ऐकून ठेवाय नको?"

बाईंनी 'नको' अशी मान हलवली.

"वर्गांत बाकीचीं वाचतात तेव्हा मी पाणी पियाय सुद्धा जात नव्हतें," अखिला म्हणाली. "मध्येच काही राहून जाईल म्हणून. घरीं पण. तू वाचत असतां कवड्या खेळल्यासारखं करायची, पण मला खेळाय येत नव्हतं." आणि मग जरा चाचरत, "आतां बाहेर जाऊं?"

"जा," अंबुजाबाई म्हणाल्या.

ती गेली. दाराशी चपला न घालताच गेली. घरात पुढे बराच वेळ भांडण चाललं, कारण वेंकूबाई एवढ्यात हरणाऱ्यांतल्या नव्हत्या, आणि सर विडा न घेताच उठले. दुपारी जेवणाची पानं वाढून झाली तेव्हा वेंकूबाईंनीच ओसरीवर येऊन पोरीला हाक मारली. मग कृष्णाजींनी मारली, मग गायत्रीनं. अखिला चार घरं पलीकडे इतर पोरांबरोबर गोट्या खेळत होती, आणि तिला एकही हाक ऐकू आली नाही.